मिकीची स्ट्रिप वॉल्ट डिस्नेंनी काढली नाही हो, संपादकसाहेब

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

रविवारच्या पुरवणीत कार्टून फिल्मवरून पेपरात आलेल्या कॉमिक स्ट्रिप्सबद्दल जो लेख आलाय तो वाचला, आणि पत्र लिहायचं नाही असं ठरवूनसुद्धा लिहायला बसलोय, कारण त्यात दोन वाक्यं अशी आहेत की गप्प बसवत नाही. एक म्हणजे "मिकी माउसची स्ट्रिप वॉल्ट डिस्ने यांनी वर्षानुवर्षं काढली". आणि दुसरं, या असल्या स्ट्रिप्स म्हणजे मूळ फिल्मची पेपरात चिकटवलेली जाहिरात, बाकी त्यात काही नसतं. पहिलं वाक्य चुकीचं आहे. दुसरंही चुकीचंच आहे, पण ते पहिल्यामुळे चुकलंय असं माझं म्हणणं आहे. एखादी गोष्ट कुणी केली हेच माहीत नसलं की ती कारखान्यातून आपोआप बाहेर पडली असं वाटायला लागतं, आणि मग तिला जाहिरात म्हणणं सोपं जातं.

आता जरा सविस्तर सांगतो, कंटाळा आला तरी वाचा.

मिकीची पहिली गाजलेली बोलती फिल्म, स्टीमबोट विली, न्यूयॉर्कमध्ये लागली 18 नोव्हेंबर 1928 ला. वर्षभरात तो एवढा डोक्यावर घेतला गेला की 1929 मध्येच किंग फीचर्स सिंडिकेटनं (सिंडिकेट म्हणजे पेपरांना स्ट्रिप्स पुरवणारी कंपनी) डिस्नेंकडे विचारणा केली की याची रोजची स्ट्रिप देता का. हे किंग फीचर्स म्हणजे तेच, ज्यांचे फँटम आणि मँड्रेक आपल्याकडे इंद्रजाल कॉमिक्समधून आले आणि फँटमचा वेताळ झाला, म्हणजे आपल्या वाचकांना ही कंपनी नावानं नसेल पण मालानं चांगलीच ओळखीची आहे. तर 13 जानेवारी 1930 ला मिकीची पहिली स्ट्रिप छापून आली. लिहिली होती खुद्द वॉल्ट डिस्नेंनी, हे खरं आहे. पण चित्रं अब आयवर्क्सची, ज्यानं मिकी मुळात कागदावर उतरवला तोच, आणि त्या पेन्सिलच्या चित्रांवर शाई फिरवणारा विन स्मिथ. सुरुवातीच्या स्ट्रिप्समध्ये प्लेन क्रेझी या फिल्ममधल्या विमानाच्या गमतीजमतीच घेतल्या होत्या, म्हणजे तुमच्या लेखकाचं जाहिरातीचं म्हणणं लागूच करायचं असेल तर या पहिल्या काही आठवड्यांना लागू होईल, तेवढं मी सोडून देतो.

पण त्याच जानेवारीत आयवर्क्स स्टुडिओ सोडून गेला. मग स्मिथ एकटाच ओढत होता, तोही वसंतात गेला. डिस्नेंना फिल्मच्या कामातून डोकं वर काढायला फुरसत नाही, आणि सिंडिकेटला तर रोज माल पाहिजे, रोज म्हणजे रोज, पेपर काय चित्रकार आजारी आहे म्हणून थांबतो का! तेव्हा स्टुडिओत अगदी अलीकडेच, डिसेंबर 1929 मध्ये लागलेला एक पोरगा होता, फ्लॉइड गॉटफ्रेडसन. काम काय तर इनबिटविनर, म्हणजे मुख्य ॲनिमेटरनं काढलेल्या दोन चित्रांच्या मधली चित्रं भरायची. गंमत अशी की या माणसाला आधीपासून स्ट्रिपच काढायची होती, कार्टूनचा कोर्स त्यानं पोस्टानं केला होता, नोकरी मागायला आला तेव्हाही स्ट्रिपचंच बोलला होता, आणि डिस्नेंनीच त्याला त्यातून परावृत्त केलं होतं की त्या नादाला लागू नकोस, पुढचा काळ ॲनिमेशनचा आहे. आता तेच डिस्ने त्याला म्हणाले की दोन आठवडे स्ट्रिप सांभाळ, तोवर दुसरा कुणीतरी बघतो. तोपर्यंत गॉटफ्रेडसनला ॲनिमेशन आवडायला लागलं होतं, त्यामुळे तो फार खूश नव्हता.

त्याची पहिली स्ट्रिप छापली गेली 5 मे 1930 ला, त्या दिवशी तो 25 वर्षांचा झाला. दुसरा कुणीतरी काही सापडला नाही. ते दोन आठवडे संपले 1975 च्या शरदात.

पंचेचाळीस वर्षं! तुमच्या लेखात या माणसाचं नाव एकदाही नाहीये. अर्थात लेखकाला एकट्याला दोष देऊन उपयोग नाही, कारण स्ट्रिपवरच नाव नव्हतं. प्रत्येक स्ट्रिपवर सही असायची वॉल्ट डिस्ने. वाचणाऱ्यांना वाटायचं की हा एवढा मोठा माणूस रोज सकाळी टेबलाशी बसून आपल्यासाठी चार चौकटी काढतो. प्रत्यक्षात डिस्नेंनी सुरुवातीचे थोडे महिने लिखाण केलं आणि मग तेही गॉटफ्रेडसनवरच सोपवलं. त्या वेळी चालू असलेली गोष्टसुद्धा त्यालाच पुढे न्यावी लागली. मिनीला तिच्या मॉर्टिमर काकाच्या इस्टेटीतून सोन्याच्या खाणीचा नकाशा मिळतो, त्याच्यामागे सिल्व्हेस्टर शायस्टर नावाचा लबाड वकील आणि पेग-लेग पीट लागतात, आणि सगळी वरात कॅलिफोर्नियातल्या डेथ व्हॅलीच्या वाळवंटात. ही गोष्ट एप्रिल 1930 मध्ये सुरू झालेली आणि पुढे महिनोन् महिने चालली.

आता इथेच फिल्म आणि स्ट्रिप यातला फरक बघा. मिकीची फिल्म असायची सहा-सात मिनिटांची. त्यात गाणं, नाच, वाद्यं, गायीच्या दातांचा झायलोफोन, धमाल सगळी, पण गोष्ट म्हणाल तर अंगठ्याएवढी. स्ट्रिपमध्ये संगीत नाही, आवाज नाही, हालचाल नाही, म्हणजे ज्या तीन गोष्टींवर मिकी उभा होता त्या तिन्ही काढून घेतल्या, वर रंगही नाही (रोजच्या स्ट्रिपला), आणि हातात उरलं काय तर रोजच्या तीन-चार चौकटी आणि बोलण्याचे फुगे. पण वेळ मात्र भरपूर. चार-चार महिने. मग गॉटफ्रेडसननं काय केलं तर त्या उंदराला माणसासारखा स्वभाव दिला. घाबरतो पण मागे हटत नाही, चिडतो, हट्ट करतो, चुकतो, मार खातो, परत उभा राहतो. रोज शेवटच्या चौकटीत काहीतरी अडकवून ठेवायचं, दुसऱ्या दिवशी पहिल्या चौकटीत काल काय झालं ते नव्या वाचकाला कळेल असं पण जुन्याला कंटाळा येणार नाही असं सांगायचं, मधल्या दोनात गोष्ट इंचभर पुढे सरकवायची आणि त्यात एक हसूही यायला पाहिजे. ज्यांना हे सोपं वाटतं त्यांनी फक्त एक आठवडा लिहून बघावं.

आणि हे तो करत होता कसा तर, लहानपणी शिकार करताना बंदुकीच्या अपघातात त्याचा हात जबर दुखावला होता, नीट बरा झालाच नाही, त्यामुळे इतर चित्रकार मनगट आणि बोटं फिरवून काढतात तसं त्याला जमायचं नाही, तो अख्खा हात खांद्यापासून फिरवून काढायचा. ते कळल्यावर मी त्याच्या जुन्या स्ट्रिप्स परत बघितल्या, मिकीच्या पळण्यात, पडण्यात, उडी मारण्यात जी एकसलग लांब वळणाची रेघ दिसते ती बहुतेक त्यातूनच आली असावी असं आपलं मला वाटतं. चित्रकलेतले जाणकार काय ते सांगतील.

आपण पेपरवाले आहात म्हणून एक गोष्ट मुद्दाम सांगतो. 1935 साली या स्ट्रिपमध्ये मिकी स्वतः एक पेपर विकत घेतो. मोडकळीला आलेला, कुणी वाचत नाही असा. गूफी आणि डोनाल्ड मदतीला. आणि हा पठ्ठ्या करतो काय, तर गावात दुकानदारांकडून खंडणी उकळणारी जी टोळी असते तिच्याबद्दल छापायला लागतो. धमक्या येतात, राडे होतात, अंक बाहेर पडू नये म्हणून सगळे प्रकार होतात, तरी छापतोच. तेव्हा अमेरिकेत मंदी चालू होती, शहरांमध्ये गँगस्टर लोकांचा उच्छाद होताच, म्हणजे वाचक ज्या पेपरात पहिल्या पानावर खऱ्या टोळ्यांच्या बातम्या वाचत होता त्याच पेपरात आत उंदीर संपादक टोळीशी भांडत होता. सांगा, ही कुठल्या फिल्मची जाहिरात? पडद्यावरच्या सात मिनिटांत ही गोष्ट बसलीच नसती. (आणि संपादकाला एवढं शूर दाखवणारी स्ट्रिप तरी तुमच्या पुरवणीनं सोडायला नको होती, असो.)

त्यानंतर 1939 मध्ये आला फँटम ब्लॉट. डोक्यापासून पायापर्यंत काळ्या झग्यात, नुसते दोन डोळे दिसतात, शाईचा डाग चालत यावा तसा. तो कॅमेरे चोरतो आणि चोरून फोडून टाकतो, का ते कुणालाच कळत नाही. पोलिसप्रमुख ओहारा मिकीला बोलावतो. या ब्लॉटची खासियत काय तर हा जीव घ्यायला तयार आहे, पण डोळ्यांसमोर कुणी मेलेलं त्याला बघवत नाही! म्हणून तो मिकीला दर वेळी काहीतरी गुंतागुंतीच्या सापळ्यात अडकवून निघून जातो, आणि तो गेला की मिकी डोकं लढवून सुटतो. आता विचार करा, रोज एक स्ट्रिप छापायची तर व्हिलननं हिरोला ताबडतोब मारून चालत नाही, आणि का मारत नाही याचं कारणही वाचकाला पटायला पाहिजे. लेखकाची अडचण होती, ती त्यानं व्हिलनच्या स्वभावात घालून टाकली. मला तर हे फार आवडतं. आणि शेवटी ब्लॉटचा मुखवटा उतरतो तेव्हा आतला चेहरा, बारीक मिशी वगैरे, वॉल्ट डिस्नेंसारखा दिसतो असं पुष्कळ जण म्हणतात. मुद्दाम केलं की सहज झालं यात मी पडत नाही, चित्र बघून आपापलं ठरवा.

दरम्यान पडद्यावर काय चाललं होतं? पडद्यावरचा मिकी हळूहळू सज्जन होत गेला. लहान मुलांचा लाडका, कंपनीचा चेहरा, त्यानं खोड्या केल्या की आईबापांच्या तक्रारी, त्यामुळे खोड्या आणि राग सगळा डोनाल्डकडे गेला आणि मिकी बाजूला उभा राहून हसायला लागला. पण पेपरातला मिकी तसाच उनाड आणि धाडसी राहिला, आणखी कितीतरी वर्षं. म्हणजे जे मूळ होतं ते फिल्ममध्ये पातळ झालं आणि जिला तुमचा लेख नुसती जाहिरात म्हणतो तिच्यात टिकलं. माझं सगळं भांडण या एका गोष्टीवरून आहे.

आणि देणंघेणं नेहमी फिल्मकडून पेपरकडेच असतं असंही नाही. डकटेल्स बघून मोठ्या झालेल्यांना डोनाल्डचे तीन पुतणे माहीत असतील, ह्युई, ड्युई आणि लुई. ती पोरं पहिल्यांदा आली कुठे? पेपरात! 17 ऑक्टोबर 1937 च्या रविवारच्या पानावर, चित्रं अल टालियाफेरोची. पडद्यावर ती आली पुढच्या वर्षी, 1938 मध्ये. या टालियाफेरोनं आधी गॉटफ्रेडसनच्याच हाताखाली मिकीवर शाई फिरवलेली. डोनाल्डची आजीही त्याचीच, तीसुद्धा स्ट्रिपमधलीच. आणि यानंही आयुष्यभर सही केली ती वॉल्ट डिस्ने म्हणूनच.

डिस्नेंच्याही आधीचं उदाहरण पाहिजे तर फेलिक्स द कॅट घ्या. 1923 पासून पेपरात स्ट्रिप, नाव पॅट सुलिवनचं, तो स्टुडिओचा मालक. फेलिक्सच्या फिल्म्स करणारा आणि स्ट्रिपवर राबणारा माणूस ऑटो मेसमर. त्याचं नाव लोकांना कळायला कित्येक वर्षं गेली, तोवर सुलिवन जाऊनही जमाना झाला होता. म्हणजे ही एका स्टुडिओची खोडी नाही, धंद्याची रीतच होती.

आता दुसरी बाजूही सांगतो नाहीतर म्हणाल की एकतर्फी लिहिलंय. फिल्मवरून किंवा टीव्हीवरून केलेल्या पुष्कळ स्ट्रिप्स खरंच रद्दड असतात. पडद्यावरची पोज उचलायची, जुना विनोद फुग्यात टाकायचा, खाली कंपनीचा शिक्का, झालं. चेहरा अगदी मॉडेल शीटप्रमाणे (म्हणजे पात्र कसं काढायचं त्याचा स्टुडिओनं दिलेला नमुना) बरोबर, पण आत जीव नाही. अशा स्ट्रिपला जाहिरात म्हणा, मी काही बोलणार नाही. खुद्द मिकीच्या स्ट्रिपचंही पुढे तेच झालं. 1955 मध्ये सिंडिकेटनं सांगितलं की लांबलचक गोष्टी बंद करा, रोजचा एक जोक द्या. टीव्ही आला होता, लोकांना रोज थोडं थोडं वाचत महिनोन् महिने थांबायला वेळ नाही असं त्यांचं म्हणणं. त्याच्या आधी 1947 मध्ये लेखक बिल वॉल्श आणि गॉटफ्रेडसन यांनी ईगा बीव्हा नावाचं एक भन्नाट पात्र आणलं होतं, पाचशे वर्षं पुढच्या काळातला माणूस, मिकी आणि गूफीला गुहेत सापडतो. इटलीत त्याला एता बेता म्हणतात, तिथल्या कॉमिक्समध्ये तो नंतरही भरपूर चालला. असलं करू शकणाऱ्या माणसाला पुढची वीस वर्षं मिकी बागेत पाणी घालतोय, मिकीची गाडी बंद पडली, असे जोक काढायला बसवलं. तेव्हा स्ट्रिप खराब झाली ती फिल्मवरून घेतली म्हणून नाही. तिच्यातली गोष्ट काढून घेतली म्हणून झाली, आणि हे करणारे लोक कोण तर पेपरला माल पुरवणारे.

नाव कळलं कसं तेही सांगतो. एका चाहत्यानं लहानपणापासून ही स्ट्रिप वाचलेली, त्यानं चौकशी करकरून शोधून काढलं की हे काढतं कोण, आणि 1960 च्या दशकात जाऊन गाठला गॉटफ्रेडसनला. त्यानंतर हळूहळू कॉमिक्सवाल्यांच्या वर्तुळात नाव पसरलं. 1975 मध्ये तो रिटायर झाला, 1986 मध्ये गेला. डिस्ने कंपनीनं त्याला डिस्ने लेजंड हा आपला मानाचा किताब दिला 2003 मध्ये, कॉमिक्सच्या आयस्नर पुरस्कारांच्या हॉल ऑफ फेममध्ये घेतलं 2006 मध्ये, आणि 2011 पासून फँटाग्राफिक्स या प्रकाशकांनी त्याच्या स्ट्रिप्सचे देखणे खंड काढले, कव्हरवर त्याचं नाव घालून. सगळं माणूस गेल्यावर.

यावर कुणी म्हणेल की अहो एक स्ट्रिप पाच जणांच्या हातून जाते, नाव कुणाचं छापणार? प्रश्न बरोबर आहे. मिकीचंच घ्या, बरीच वर्षं गोष्टीचा आराखडा गॉटफ्रेडसनचा, संवाद टेड ऑस्बॉर्न नाहीतर मेरिल डी मॅरिसचे, शाई टेड थ्वेट्सची, आणि रविवारचं पान 1938 नंतर मॅन्युएल गोन्झालेसकडे. मग चार नावं छापा की! सिनेमाच्या शेवटी स्पॉटबॉयपर्यंत सगळ्यांची नावं येतात, त्यानं सिनेमा कंपनीचं काही बिघडलेलं ऐकलं नाही. आणि पात्र कंपनीचं, हक्क कंपनीचा, हे सगळं मान्य, त्यात कुणी हात घालत नाहीये. हक्क कुणाचा ही एक गोष्ट, काढलं कुणी ही दुसरी.

तर आता आपल्याकडे वळतो. तुमच्याही अंकात रोज आतल्या पानावर शब्दकोड्याशेजारी टीव्हीवरच्या कार्टूनची एक स्ट्रिप येते. माझ्या घरी ती सगळ्यात आधी वाचली जाते, अग्रलेखाच्याही आधी, राग मानू नका. त्या स्ट्रिपखाली कंपनीचं नाव असतं, कॉपीराइटची खूण असते, वर्ष असतं. पूर्वी उजव्या कोपऱ्यात बारीक अक्षरात चित्रकाराचं नावही दिसायचं, पानाची मांडणी बदलली तेव्हापासून स्ट्रिप दोन्ही बाजूंनी कापून छापायला लागलेत आणि कापण्यात ते नाव गेलं. कधीकधी तर शेवटच्या चौकटीतला फुगाही अर्धा गेलेला असतो, म्हणजे जोक काय होता ते ज्यानं त्यानं ओळखायचं. मराठी कोण करतं तेही कळायला मार्ग नाही, आणि चांगलं करतं हो ते जे कोणी आहे ते, परवा त्या हत्तीच्या तोंडी जी भाषा घातली होती ती वाचून घरात सगळे खो खो हसत होते.

त्यामुळे मागणं एवढंच आहे. एक, पुरवणीतल्या त्या वाक्याची दुरुस्ती छापा, दोन ओळी पुरतील, पण त्यात फ्लॉइड गॉटफ्रेडसन हे नाव पूर्ण छापा. दोन, स्ट्रिप कापू नका, जागा कमी पडत असेल तर शेजारचं राशिभविष्य बारीक करा, सगळ्या राशींना रोज तेच तर सांगता. आणि तीन, स्ट्रिपखाली चित्रकाराचं, लेखकाचं आणि मराठी करणाऱ्याचं नाव द्या. कंपनीकडून नावं कळवली जात नसतील तर विचारून घ्या, पेपरवाल्यांना विचारायची सवय असतेच. नावं मिळाली नाहीत तर "नाव कळवलेलं नाही" असं छापा, ते वाचूनही एखादा चाहता शोधायला लागेल.

पत्र लांबलंय याची कल्पना आहे. जागेअभावी काटछाट करायची असेल तर फेलिक्सचा परिच्छेद काढा, फँटम ब्लॉटचा ठेवा.

आपला,
एक नियमित वाचक